ब्राउझरची परीक्षा आणि पोरीची मुलाखत

ताईंना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे पुरती वाकत नाही, पण मनातून वाकले आहे).

पाकीट जाड बघून आधीच रडायला बसू नका. कुणी गेलेलं नाही, कुणी पडलेलं नाही. तुमचे भाऊ धड आहेत आणि तुमच्या आई आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त धड आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरने सांगितलेले व्यायाम करता, की नुसते शेजारणींना शिकवता? भाऊजींचा खोकला गेला असेल तर उत्तम, नसेल तर आधी विडी घालवा, मग खोकला जाईल. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्रात तुम्हाला मधे तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर कोंबडीच्या पायाचं, तेव्हा चुका दिसतील त्या गिळा आणि पुढे वाचा. आणि शेवट आधी वाचायची तुमची खोड आज तेवढी आवरा.

तर तुमची भाची रक्त तपासायचं शिकून पास झाली हे तुम्हाला माहीत आहेच. आता नोकरी द्यायची तर बोलवून घ्यावं, चार प्रश्न विचारावेत, पाणी पाजून घरी पाठवावं. पण हल्ली मुलाखत कॉम्प्युटरवर घेतात. म्हणून एक ऑफिस बंद पडलं तिथला जुना कॉम्प्युटर आम्ही उचलून आणला. ठेवला लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, कारण धड प्लग तेवढाच एक. एका बाजूला गिऱ्हाइकांचे शर्ट, दुसऱ्या बाजूला आईंची खाट, मधे कॉम्प्युटर. पहिली मुलाखत झाली तेव्हा आम्ही सगळे दार लोटून दुकानात श्वास रोखून उभे. पोरगी बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली, चित्र अडकलं. दुसऱ्या मुलाखतीलाही तेच. चित्र अडकलं, त्यांना माझं काही ऐकू गेलं नाही. ताई, तुम्हाला म्हणून सांगते, त्या दिवसापासून मला जेवण जाईना. आपण स्वस्तातलं जुनं यंत्र घेतलं आणि पोरीच्या पायावर धोंडा पाडला, हेच डोक्यात. (तुमच्या भावाला हे सांगितलं नाही. ते लगेच मान हलवून "मी म्हटलंच होतं" म्हणतात. म्हटलेलं काहीही नसतं.)

मग कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो आला, चहा प्यायला, नखाएवढ्या स्क्रू-ड्रायव्हरने कान कोरला आणि म्हणाला, तुमच्या यंत्रात तीन ब्राउझर आहेत आणि तिन्ही एकाच वेळी उघडे असतात, जुन्या यंत्राला हे झेपत नाही, एक ठेवा, दोन काढा. मी विचारलं, ब्राउझर म्हणजे काय रे बाबा? म्हणे, कॉम्प्युटरमधून बाहेरच्या जगात जायचं दार. आता दोन खोल्यांच्या संसाराला तीन दारं! आमच्या घरात कुणाचं कुणाशी एकमत नाही, त्याची ही शिक्षा. तुमच्या भावाचा एक, त्याला मी चक्री म्हणते, त्याचं चित्र चक्रीसारखं आहे. पोरीचा एक, त्यावर कुलपाचं चित्र आहे. आणि तिसरा निळा, तो यंत्राबरोबरच आला होता. त्याला कुणी विचारत नव्हतं म्हणून तुमच्या आईंनी पदरात घेतला. आई त्यावर रोज सकाळी कोण कोण गेलं ते वाचतात. ओळखीचं कुणी निघालं की हळहळतात, नाही निघालं तर दिवसभर चिडचिड.

पोरीची तिसरी मुलाखत चार दिवसांवर आली होती. कोणता ठेवायचा यावर घरात असं भांडण पेटलं की गिऱ्हाइकं कपडे न घेताच परत जायला लागली. तुमचे भाऊ म्हणे, चक्रीसारखा वेग कुणाला नाही. पोरगी म्हणे, कुलूपवाला चहाड्या करत नाही. आई म्हणाल्या, माझ्या निळ्याला हात लावलात तर मी जेवणार नाही. मी इस्त्री आपटली आणि म्हटलं, बास. दुकानात माणूस ठेवायचा तर मी त्याला काम करायला लावून बघते. या तिघांनाही तसंच बघणार.

परीक्षा घ्यायची तर उत्तर आपल्याला येत असावं, नाहीतर समोरचा थाप मारतो. म्हणून मी तिघांनाही एकच विचारलं, रेशमावरचा तेलाचा डाग कसा काढावा? तर ताई, तिघांनी अक्षरशः तेच उत्तर दिलं! शब्दाला शब्द, ओळीला ओळ! मी म्हटलं, हे तर एकमेकांची पाटी बघून लिहिताहेत, तिघांनाही हाकला. पोरगी पोट धरून हसली. म्हणे, आई, ब्राउझर म्हणजे नुसती बस, तिन्ही बसनी तुला एकाच दुकानात नेऊन सोडलं. म्हणजे मी सकाळभर कंडक्टरला कापडाचा भाव विचारत होते. आधी सांगायला काय झालं होतं? (उत्तर बरोबर होतं, ते वेगळं.)

मग म्हटलं, बसच असेल तर वेग बघू. घड्याळ माझ्या कामाचं नाही, मी इस्त्रीवर मोजते. चक्री उघडेपर्यंत माझी एक कॉलर झाली. कुलूपवाला उघडेपर्यंत कॉलर आणि दोन्ही बाह्या. निळ्याला हाक मारली आणि अख्खा शर्ट होऊन घडी पडली, तरी तो आपला गोल गोल फिरतोय. आई म्हणाल्या, वय झालंय त्याचं, दम घेऊन येतो. मी म्हटलं, आई, त्याला घरी बसून खायला घालणं आपल्याला परवडत नाही.

राहिला स्वभाव. चक्रीच्या पोटात काही राहत नाही. मी एकदा डागाचं विचारलं तर दोन दिवस जिथे जाईन तिथे साबणाच्या जाहिराती माझ्या मागे! आणि साबणांच्या मधेमधे दुसरंच काहीतरी. पुरुषांचे केसांचे टोप! काळे, कुरळे, भांग पाडलेले. मी तुमच्या भावाकडे बघितलं. ते म्हणाले, आई बघत असेल. आईंनी खाटेवरूनच विचारलं, "मी कशाला रे टोप बघू? मला काय लग्न करायचंय?" त्या दिवसापासून ते घरातही टोपी घालून बसतात. कुलूपवाल्याचं उलटं. तो पोटातलं ओठावर आणत नाही ते बरं, पण लक्षातही काही ठेवत नाही. रोज नव्याने विचारतो, तुम्ही कोण? अहो, सकाळीच बोललो ना आपण? असा माणूस गल्ल्यावर बसवला तर गिऱ्हाइकाचे कपडे कुणाचे कुणाला देईल.

शेवटी चुगलखोर का असेना, कामाला चपळ, म्हणून मी चक्री पसंत केला. बाकी दोघांची चित्रं माझ्या हाताने उचलून कॉम्प्युटरातल्या केराच्या टोपलीत टाकली. आई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मला वाटलं, सुटले.

मुलाखतीच्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तुमच्या भावाला पायरीवर बसवलं, वाफेची इस्त्री बंद केली. फक्त आईंना हलवता आलं नाही. त्या म्हणाल्या, माझी खाट इथे आहे, मी इथे आहे. पोरीने कॉम्प्युटरवर आलेल्या बोलावण्याच्या चिठ्ठीवर बटण दाबलं आणि मी दाराला कान लावला. जरा वेळाने आतून हळूच हाक आली, "आई गं!" मी वाकून, म्हणजे जवळजवळ रांगत आत गेले, त्या कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. वर बघते तर काय, कॉम्प्युटरवर निळा! मी केरात टाकलेला निळा! आणि त्यात आईंनी अक्षरं इतकी मोठी करून ठेवलेली की समोरच्या बाईंचं फक्त नाक दिसतंय. काचभर नाक. वर चष्म्याची एक दांडी, आणि बाई हलल्या तर एका डोळ्याचा कोपरा. पोरगी लहान करायला जाते तर ते नाक आणखीच मोठं होतंय. मी इस्त्रीच्या टेबलाखाली बसकण मारली आणि मनात म्हटलं, गेली ही पण.

एवढ्यात खाटेवरून तुमच्या मातोश्री खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कुणाचं गं नाक हे? सर्दी झालेली दिसतेय."

ताई, जमीन दुभंगावी असं मला वाटलं. आवाज पलीकडे गेला होता. ते नाक हललं, फुललं आणि मोठ्याने हसलं. म्हणालं, "खरंच झालीये हो आजी, तीन दिवस झाले." आई म्हणाल्या, "मग गरम पाणी प्या, आणि आमच्या पोरीला लवकर सोडा, तिने सकाळपासून खाल्लेलं नाही." आणि तुमची भाची हसली. हसली ती बोलायलाच लागली. लहान मूल हात देत नसेल तर काय करशील, नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून काय करशील, ते नाक विचारतंय आणि ही सांगतेय, सांगतेय, थांबायला तयार नाही. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. पोरगी अडकत नाहीये एवढं मात्र कळलं. टेबलाखाली माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही.

संध्याकाळी शर्टांच्या घड्या घालताना पोरगी आपणहून म्हणाली, आई, चित्र कधीच अडकलं नव्हतं. मीच अडकत होते. समोर तीन-तीन चेहरे टक लावून बघायला लागले की माझी बोबडी वळते. आज चेहराच नव्हता, नाकाला कोण घाबरणार? मी विचारलं, मग आम्ही चार दिवस ब्राउझरवरून डोकी फोडत होतो तेव्हा तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं? म्हणे, लाज वाटली. मी हातातल्या शर्टाची घडी रागाने तीनदा मोडून घातली. मग मलाच इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे यंत्राचा दोष नव्हता. आम्ही स्वस्तातलं घेतलं त्याचाही नव्हता. दोन महिने घशात अडकलेला घास खाली उतरला. त्या रात्री मी तीन पोळ्या खाल्ल्या. आणि काल पत्र आलं, पोरीला नोकरी लागली.

निळा कसा काय उगवला म्हणाल, तर कॉम्प्युटरवाल्याने उलगडा केला. म्हणाला, बाई, तुम्ही नुसती पाटी काढलीत, दुकान जागेवरच होतं. शिवाय तो निळा रोज विचारायचा, मलाच या घरचा मुख्य ब्राउझर करता का? आम्ही सगळे नाही म्हणून पुढे जायचो. आईंनी एक दिवस हो म्हटलं होतं, तेव्हापासून कुठलीही चिठ्ठी दाबली की तोच उघडतो. का, तर म्हणे बिचारा रोज विचारतो, घरात दुसरं कुणी कुणाला विचारून काही करत नाही. चक्री आणि कुलूपवाला कालच खरोखरचे काढले. आता घरात एकच ब्राउझर आहे, तिघांमधला सगळ्यात मठ्ठ, आणि अक्षरं आईंच्या मापाची. तुमचे भाऊ टोप बघतात तो आता शटरच्या बाहेरूनही दिसतो. पण फिरेना का तो निळा एक शर्ट इस्त्री होईपर्यंत, मला घाई नाही. (मला घाई नाही, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं असेन. तुम्ही जपून ठेवा.)

तुमच्या आई तुमची आठवण काढतात. मीही काढते, पण मी बोलून दाखवत नाही.

तुमची भावजय

ता. क. नोकरी तुमच्याच गावातली आहे. तुमच्या पुढच्या खोलीत ती शिवणाची मशीन धूळ खात पडली आहे, ती हलवली तर एक खाट मावते. मी मागच्या वेळी आले तेव्हा मापून ठेवलंय.

ता. क. दुसरा. पण मी सांगितलं असं तिला कळू देऊ नका. तिने कुठेतरी स्वतःची खोली ठरवली आहे, आणि कुणावर भार व्हायचं नाही म्हणते. तेव्हा तुम्हीच आपल्या मनाने फोन केला असं दाखवा. ती नाही म्हणेल. पुन्हा म्हणा. आणि ताई, तुमचा स्वभाव चांगला आहे पण तोंड हेडमास्तरणीचं आहे, तेव्हा समोर बोलावून विचारू नका, फोनवरच विचारा.

ता. क. तिसरा. अगदीच ऐकली नाही तर जाऊ द्या, ओढाताण करू नका. पण मग एकदा तिच्या खोलीवर जाऊन या, आणि दाराची कडी आतून नीट लागते का तेवढं बघून मला कळवा. सहज आले होते म्हणा. तुम्ही सहज कुठे जात नाही हे तिला ठाऊक आहे, तेव्हा हातात काहीतरी घेऊन जा, म्हणजे खरं वाटेल.