भट्टी कुठे ठेवायची

प्रिय भिंगरी,

डॉक्टरीणबाईंनी तुझा फोन काढून घेतला आणि लॅपटॉप जावईबापूंच्या हाती घरी पाठवला, हे एक बरं झालं. त्या निमित्ताने किती वर्षांनी तुला माझं अक्षर वाचावं लागतंय. गावच्या शाळेतलं अक्षर आहे, ओळ सोडून चढावर पळतं, पण तुझ्या त्या इंजिनीयर मंडळींपेक्षा वाचायला सोपं. पत्र धुतलेल्या गाऊनच्या घडीत ठेवलंय. जावईबापूंना सांगितलंय, वाटेत उघडून वाचलंत तर उद्या डब्यात नुसता उकडलेला भोपळा. पडल्यापडल्या वाच, डाव्या कुशीवर.

तुझा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक आहे. बिस्किटवाले! त्यांच्या नव्या कारखान्याचा आराखडा महिनाअखेरीला हातात पडला नाही तर ते दुसरा सल्लागार बघणार होते, आणि एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं की आपलं चिमूटभर ऑफिस चालणार कशावर, हा तुझा घोर. तर घाबरू नकोस, बातमी गोड आहे. पण मी ती माझ्या चालीने सांगणार. लहानपणी गोष्ट ऐकताना "पुढे काय, पुढे काय" करून माझं डोकं खायचीस. आता कर बघू. कागद काही ऐकत नाही.

तुला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, त्या दिवशी ऑफिसातली तुझी दोघं इंजिनीयर अशी बसली होती की जणू घरातला दिवा गेलाय. चष्मेवाली आराखड्याकडे बघत होती आणि लांबुडक्या छताकडे. दोघं कामाला वाघ, पण गिऱ्हाईकाचा फोन वाजला की शेळी. तुझ्या सॉफ्टवेअरच्या फळ्यावर बघितलं तर "पार्टीकडे अडकलंय" या रकान्यात एकेका कामाच्या कार्डांची ही गर्दी, आणि "झालं" मध्ये शुकशुकाट. तुझे बाबा गेल्यावर मी खिडकीत बसून रस्ता मोजायचे, तेव्हा तू मला ऑफिसात आणलंस, म्हणालीस, आई, तू नुसती कार्डं इकडून तिकडे सरकव, तेवढाच जीव रमेल. मला रमवायला दिलेलं खेळणं होतं ते, मला काय कळत नव्हतं? पण सरकवता सरकवता एक गोष्ट ध्यानात आली होती. कुठलं कार्ड कुणाच्या दारात झोपलंय ते त्या फळ्यावर सगळ्यांना, पार्टीच्या माणसांनाही, दिसतं, फक्त बोलत कुणी नाही.

सगळ्यात गाढ झोपलेलं कार्ड होतं "भट्टीची जागा". तुला माहीतच आहे, भट्टी ठरल्याशिवाय बाकी एक यंत्र जागेवर बसत नाही. सकाळी बिस्किटवाल्या भावांपैकी थोरल्या मालकांचा फोन यायचा, भट्टी दारापाशी हवी, माल पटकन गाडीत चढेल. लांबुडक्या काढायचा दारापाशी. संध्याकाळी धाकटे मालक फोन करायचे, भट्टी मागच्या भिंतीला, दारात उकाडा नको. लांबुडक्या पुसायचा, मागे काढायचा. मालकांपैकी एकालाही सांगायची लांबुडक्याची छाती नाही की दुसरा काय म्हणालाय. "कृपया आपल्या सोयीने कळवावे" असं लिहून गप्प. अशी सोय बघत बसलो तर तुझं लेकरू कॉलेजात जाईल.

मग मी बहिरी झाले. तू दवाखान्यात गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऑफिसचा फोन माझ्या टेबलावर. कुणीही काही सांगायला लागलं की, "अहो, ऐकू येत नाही हो, वय झालं, तेवढं कार्डावर लिहा ना." थोरले मालक एवढ्या जोरात ओरडले की चष्मेवालीला पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं. मी म्हटलं, "काय? बटाटे?" त्यांनी फोन आपटला आणि कार्डावर लिहिलं. संध्याकाळी धाकट्यांनी लिहिलं. आता दोघांचे हुकूम एकाखाली एक, दोघांना दिसतील असे. तरी शांतता! दोघं वाचत होते आणि दोघं गप्प. घरातही असंच चालत असणार त्यांचं.

आता पुढचं जरा उशीला टेकून वाच. मी लांबुडक्याला आपल्यातल्या आपल्यात एक चिमटा काढावा म्हणून कार्डाखाली लिहिलं, "ही भट्टी आहे की फुटबॉल? सकाळी थोरला लाथ मारतो, संध्याकाळी धाकटा. तू काय गोलकीपर आहेस? एवढी मोठी माणसं, एका भिंतीआड बसतात, पण एकमेकांशी बोलायला त्यांना आपण लागतो. या दोघांना एका खोलीत कोंड, नाहीतर मी भट्टी गच्चीवर ठेवते." तू शिकवलं होतंस की कुलपाचं चित्र असलेली चौकट आपली, आणि बिनकुलपाची पार्टीला दिसणारी. मी चष्मा डोक्यावर ठेवून लिहीत होते. कुलूपबिलूप कुठलं दिसायला! बटण दाबलं, आणि गंमत म्हणजे ते सॉफ्टवेअर नुसतं दाखवत नाही, सगळ्यांच्या फोनवर टिंग करून सांगतं. मालकांपासून बिस्किटं भरणाऱ्या बायकांच्या मुकादमापर्यंत, कारखान्यातल्या झाडून सगळ्यांना पोचलं.

लांबुडक्याच्या तोंडचं पाणी पळालं. चष्मेवाली म्हणाली, आई, पुसा, आत्ताच्या आत्ता पुसा. मी पुसायला गेले तर खाली मुकादमाने हसणारं तोंड टाकलेलं. मग त्यांच्या हिशेबनिसाने. मग गाडीवाल्याने. एकामागून एक पिवळी तोंडं. खोटं कशाला सांगू. वाटलं, भिंगरीचं काम मी माझ्या जिभेपायी घालवलं.

जेवणाच्या सुट्टीत दारात गाडी थांबली. दोघं भाऊ, एकाच गाडीतून! थोरल्यांनी आत येऊन विचारलं, "गच्चीवर भट्टी ठेवणाऱ्या बाई कोण?" मी उठून उभी राहिले. म्हटलं, "मीच. बसा, पाणी देते." तर म्हणतात, "आज बरं ऐकू येतंय." मी म्हटलं, "समोरासमोर येतं. फोनवर नाही येत." धाकटे फिसकन हसले, आणि त्यांना हसताना बघून थोरल्यांचाही चेहरा सैल झाला. मग मी दोघांना तुझ्या खोलीत बसवलं, आराखडा मध्ये पसरला, दार लावलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आधी आवाज चढले. मग उतरले. मग आतून कुणीतरी पेन्सिल मागितली. लांबुडक्या पेन्सिल घेऊन गेला तो आतच रमला.

बाहेर आले तेव्हा भट्टी ठरली होती. मागच्या भिंतीला, पण माल न्यायला बाजूने वेगळं दार. उकाडाही नाही आणि हेलपाटाही नाही. ते दार लांबुडक्याने सुचवलं, दोघांच्या मध्ये बसून, न घाबरता. मग काय, भट्टी बसली आणि बाकीची यंत्रं धडाधड मागून आली. काल मी तुला भेटून परतल्यावर दोघांनी आराखड्यावर सह्या केल्या, मुदतीच्या आत; तोवर तुला काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या जुन्या कारखान्याची फेरमांडणीही आपल्याकडेच दिलीय. अट एकच, थोरले म्हणाले, "त्या बाईंच्या चौकटीला कुलूप लावायचं नाही." "पार्टीकडे अडकलंय" चा रकाना मी पुसून लख्ख केलाय गं! चष्मेवालीने "झालं" च्या रकान्याचा फोटो काढून आपल्या आईला पाठवला. आणि हो, प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तुझ्या फोटोचं ते गोल तोंड असायचं ना, ते मी एकेक करून काढून टाकलं. कुठे लांबुडक्याचं लावलं, कुठे चष्मेवालीचं. बाळंतपण होईपर्यंत तुझ्या नावावर एक कार्ड नाही. हुडकलंस तरी सापडणार नाही.

आता तू म्हणशील, परवा भेटायला येणारच होतीस, तर एवढा कागद कशाला रंगवलास. सांगते. सिस्टरांनी काल मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, तुमची लेक सोमवारी स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाते म्हणतेय, कागदावर सही करायला तयार आहे, पिशवीही भरून ठेवलीय. मला त्याचा राग नाही आला, भिंगरी. मागच्या वेळी दवाखान्यातून रिकामे हात घेऊन घरी आलीस आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बसलीस, तेव्हाही मी काही बोलले नाही. बसल्या जागी दुःख तुला गाठतं, म्हणून तू पळतेस, हे मला कळतं. मीही खिडकीत बसून बघितलंय. पण या वेळी पळायचं नाही. या वेळी नुसतं पडून राहायचं, तेवढंच तुझं काम, बाकीचं आम्ही तिघांनी करून दाखवलंय. तुला गोवर आला होता तेव्हा तू अंगणात पळू नयेस म्हणून तुझ्या बाबांनी तुझे बूट उंच फळीवर टाकले होते, आठवतं? मी बुटकी, माझा हात फळीला पुरत नाही. म्हणून काल निघताना तुझ्या खाटेखालच्या चपला पिशवीत घालून घरी घेऊन आले. शोधू नकोस. बाळाला घेऊन निघशील त्या दिवशी आणून देईन.

तुझीच, तुझ्यापेक्षा हट्टी,
आई