कोमट पत्र

ती. दादास साष्टांग नमस्कार.

"घरातलं भांडण घरात मिटलं नाही की दगड शेजारच्या कौलांवर पडतो," असं आई म्हणाली होती, आठवतं? ताईवरच्या रागाने तू शेजाऱ्यांची कौलं फोडलीस, त्या दिवशी. (माफी मागायला मात्र आईच गेली.) तुझा घसा कसा आहे? परवाच्या प्रचारसभेत 'त्यांच्या पाण्याचा थेंबही विष!' असं गरजताना बसला म्हणे. आई दोन महिने तेच पाणी पिते आहे. ताईच्या बाळंतपणाला सीमेपलीकडे गेली आणि मागे सीमेवरचं फाटक बंद झालं. का, तर इकडे पोटनिवडणूक लागली.

परराष्ट्र खात्यात शेजारी देशाला धाडायचं प्रत्येक पत्र मी दोनदा टाइप करते, एक कडक, एक कोमट. मंत्रिमहोदय दोन्हींवर आधीच सही ठोकून ठेवतात. कुठलं जायचं हे शेजाऱ्याच्या फौजेवर नाही, इकडच्या सभेच्या गर्दीवर ठरतं. विरोधक 'नेभळट सरकार' म्हणाले की कडक. (सत्तेत असताना याच विरोधकांनी फाटकाची फीत कापली होती. तेव्हा काळे झेंडे तुमच्या पक्षाने दाखवले.)

मंगळवारी माझ्या हातून लिफाफ्यात कोमट गेलं, 'फाटक उघडू या' म्हणणारं. लगेच उत्तर आलं, 'आभारी आहोत. सोमवारपासून फाटक उघडू.' खात्यावर सुतकी कळा. साहेब डोकं धरून बसले. "बाई, रविवारी मतदान, आणि यांना आत्ताच सभ्यपणा सुचला? एखादी शिवी द्यायला काय झालं होतं!" मग तिघा अधिकाऱ्यांनी त्या दोन ओळींत चार तास अपमान शोधला. शेवटी 'आभारी'मध्ये खवचटपणा सापडला. आपण निषेध धाडला, विरोधकांनी तो मिळमिळीत ठरवून सभात्याग केला आणि तू चौकात शेजारी पंतप्रधानाचा पुतळा जाळलास. आईने तिकडे टीव्हीवर पाहिलं. "पोरगा वाळलाय," एवढंच म्हणाली.

तुझी धाकटी

ता. क. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठ दिवस पुरतील. व्यापार बंद, म्हणून तिकडच्या दुकानांत त्या नाहीत. पुढच्या महिन्यात तिकडेही निवडणूक आहे, तेव्हा त्यांचा सभ्यपणाही फार टिकायचा नाही.

ता. क. २. लिफाफ्यात कोमट पत्र चुकून गेलं नव्हतं. आणखी एक टाइप करून सोबत जोडलं आहे. पण मंत्री आता फक्त कडक पत्रावर सही करतात, आणि त्यांच्या गाडीत रोज तू बसतोस. यावर सही आणशील? नाही म्हणशील, ठाऊक आहे. मग तेवढं 'नाही' आईला फोन करून तूच सांग.