रिकामा खिळा

मंगळवार, संध्याकाळ. दादर.

सुटले एकदाची! नैरोबीचं पंपांचं काम आम्हालाच मिळालं.

गेला आठवडाभर साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात शिरलं की समोरच त्यांचा मंत्र्यांसोबतचा फोटो असायचा. परदेशी गिऱ्हाइकाला दाखवायची पहिली स्लाइडही त्याच फोटोची. मंत्र्यांचं पद गेलं, तसा साहेबांनी स्वतःच तो उतरवला. "आता बाहेर आपल्याला कोण विचारणार, सांग," म्हणाले. चिडलेच मी. मग चिंचपोकळीच्या वर्कशॉपात आपली माणसं नैरोबीच्या मेकॅनिकना पंपदुरुस्ती शिकवतात, ते काय उगाच?

आज व्हिडिओ कॉलवर नैरोबीच्या इंजिनीअर बाईंनी नेमकं दुरुस्तीचंच विचारलं, "पंप बंद पडला तर दुरुस्तीला कोण येणार?" मी म्हटलं, "तुमच्याच शहरातले मेकॅनिक. आम्ही त्यांना चिंचपोकळीला आणून शिकवलंय." बाई हसल्या. "बाकीच्या कंपन्या नुसते मंत्र्यांचे फोटो दाखवून गेल्या." संध्याकाळी होकार आला.

फोटो भिंतीवर असता तर आम्हीही तोच दाखवला असता का? असता. नक्कीच.

निघताना त्या रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "साहेब, इथे आता त्या मेकॅनिक लोकांचा फोटो लावू या." साहेब खुशीत होते, लगेच हो म्हणाले. मग लिफ्टपाशी थांबून हळूच म्हणाले, "पण जरा बाजूला लाव हं. तो खिळा नव्या मंत्र्यांसाठी राहू दे."