पळणाऱ्या पाखराचा माळ

आबा, परसदारामागचा माळ, ज्यावर तुम्ही जन्मभर मेंढरं चारली, तो आज सकाळीही जागेवर आहे. हे आधी सांगते, कारण गेल्या महिन्यात तो राहतो की जातो अशी वेळ आली होती. ग्रामपंचायतीनं तिथं खड्डे घेऊन झाडं लावायचं मनावर घेतलं होतं. कागदोपत्री त्याला 'पडीक' म्हणतात. हा शब्द तुमच्या कानावर पडला असता, तर तुम्ही काठी घेऊन पंचायतीच्या दारातच बसला असतात.

चहा ठेवला की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते. चैत्रात माळ सकाळी पिवळा दिसतो, ऊन चढलं की पांढराफटक. हिवराच्या बुडाशी हातभर सावली, कुठं तरवडाची फुलं, आणि चंडोल वर वर जात गातोय. उपकेंद्रात नर्स म्हणून जाते तेव्हा माझ्या साडीला कुसळं चिकटलेली असतात, ती पेशंटच काढून देतात. पाहुणे विचारतात, "काय हाय इथं बघण्यासारखं?" पूर्वी मला ओशाळल्यासारखं व्हायचं. आता मी त्यांना नुसता चहा देते.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुम्ही मला भर उन्हात माळावर नेलंत आणि म्हणालात, "बस खाली. मेंढरू बघतंय तेवढ्या उंचीवरनं बघ." मी बसले, आणि इतका वेळ खडे वाटत होते त्यातले दोन खडे अंडी झाले. ना काडी, ना पीस, उघड्या मातीवर. लांब एक पाखरू तुरुतुरु पळत होतं, थांबून ताठ उभं राहत होतं, पुन्हा पळत होतं. पुस्तकात त्याला धाविक म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तुम्ही नुसतं 'पळणारं पाखरू' म्हणायचात. दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. मेंढरांचा पाय पडू नये म्हणून अंड्यांभोवती पांढऱ्या गारगोट्यांचं कडं केलं. तिसऱ्या दिवशी तिथं टरफलं होती आणि कोल्ह्याची पावलं. मी भोकाड पसरलं. तुम्ही मारलं नाहीत, जवळही घेतलं नाहीत. "खूण तुला दिसावी म्हणून केलीस. ती कोल्ह्यालाबी दिसली की गं." मग हिवर आणि पलीकडची टेकडी एका रेषेत धरायची, पावलं मोजायची, हे दिवसभर शिकवलंत. "माळावर काय ठिवायचं न्हाय, काय उचलायचं न्हाय. ध्यानात ठिवायचं." घरट्याला वळसा घालून तुम्ही कळप लांबून न्यायचात आणि बाकीचे मेंढके तुम्हाला हसायचे. तुम्ही त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नव्हतात.

या हिवाळ्यात आम्ही गाडीनं जैसलमेरला गेलो. मुलांना वाळूच्या टेकड्या बघायच्या होत्या, उंटावर बसायचं होतं. टेकड्यांच्या अलीकडंच एक खडकाळ सपाटी लागली आणि मी गाडी थांबवायला लावली. बरोबरचा वाटाड्या म्हणाला, इथं काही नाही. मी सरळ जमिनीवर बसकण मारली. यजमान कपाळाला हात लावून उभे. थोड्या वेळानं दोन पाखरं पळाली, थांबली, ताठ झाली. वर्षानुवर्षं परदेशी पाहुण्यांना पक्षी दाखवणारा तो माणूस, पण मी बोट केल्यावर त्याला ती दिसली. "मॅडम, आपने कहाँ से सीखा?" मी म्हणाले, "मेरे पिताजी भेड़ चराते थे." आबा, इतक्या ताठ मानेनं मी आयुष्यात दुसरं कुठलंही वाक्य बोललेले नाही. मुलं माझ्याकडं बघतच राहिली.

म्हणून गेल्या महिन्यात ग्रामसभेत मी उठले. झाडांना कोण नाही म्हणेल? पण मी म्हणाले, "झाडं वढ्याकाठी लावा, शाळंपशी लावा. माळाचं गवत ऱ्हाऊ द्या. तिथं पळणाऱ्या पाखरानं अंडी घातल्यात." सगळे हसले. एका तरुण सदस्यानं विचारलं, "कुणी बघितल्यात?"

"म्या बघितल्यात."

तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकलेले एक म्हातारबा उठले. तुमच्या वळशाला हसणाऱ्यांतलेच ते एक. म्हणाले, "ही कुणाची लेक हाय, ठावं हाय न्हवं? हिचा बाप दोन अंड्यांपायी आख्खा कळप वळवून न्यायचा. ही बघितल्यात म्हणती, म्हंजी हायतच." तेवढ्यावर खड्डे ओढ्याकाठी घ्यायचे ठरले. घरी आले आणि ओट्याला धरून रडले. तुमचा शब्द अजून गावात चालतो याचा इतका अभिमान वाटला की जेवण सुचेना.

तुम्ही गेलात तिकडं हे पत्र टाकायला पेटी कुठली? फडताळात, माझ्या नोकरीच्या कागदांखाली राहील. कुणी वाचणार नाही म्हणूनच एवढं लिहिते. आबा, मी अंडी बघितलेली नव्हती. या वर्षी एकही घरटं मला दिसलेलं नाही. तुमच्या नावावर मी भर सभेत खोटं बोलले, आणि गावानं ते तुमच्यासाठी खरं मानलं. तेव्हापासून रोज ड्यूटीआधी अख्खा माळ पालथा घालते. अजून सापडलं नाही.