बाप्पाची किंमत

ट्रुगानिना, ऑस्ट्रेलिया, गुरुवार (ईमेलने)

तीर्थरूप मुरलीदादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते (सुरक्षित अंतर राखून). खोकला साधाच आहे ना? वहिनी वाफ घ्यायला लावते ना? इथे लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरपुढे जायची बंदी आणि देऊळ त्याच्याही पलीकडे. म्हणून घरीच बसवायला पितळी बाप्पा ऑनलाइन मागवायला बसले, तर पुण्याच्या त्या दुकानाने ऑस्ट्रेलियाचा जीएसटी म्हणून दहा टक्के वर जोडले. देवावर टॅक्स! (इथला वाणी मधू म्हणतो, "काकू, मी शटर उघडून टॅक्स भरतो, मग हे बिनशटरवाले का सुटावेत?" मी मानही डोलावली होती. पण तेव्हा मला काही मागवायचं नव्हतं.) म्हणून तुला म्हटलं, तूच घे आणि भेट म्हणून पाठव. भेटीला टॅक्स नाही.

आणि तू काय केलंस? देवाची किंमत करू नये म्हणून फॉर्मवर किमतीच्या जागी 'अमूल्य' लिहिलंस! इथल्या कस्टमवाल्यांना वाटलं, कंपनीचं नाव आहे. बाप्पा गोदामात अडकून पडले आणि परवा चतुर्थी. (ह्यांचा सकाळपासून एकच जप: "दहा टक्के भरले असतेस तर आत्ता देव्हाऱ्यात असते.") आज तिथल्या बाईंचा फोन आला, किंमत सांगा. कमी सांगावी तर देवाचा अपमान, जास्त सांगावी तर टॅक्स. चारुता शेजारून, "आई, जस्ट से अ नंबर!" शेवटी बिलावरचा आकडा सांगितला. मग बाईंनी विचारलं, ही नक्की भेटच ना? मी हो म्हणून बसले. "नो वरीज लव्ह, उद्या पोचेल."

वरीज मला आहेत, दादा! मूर्तीचे आणि कुरियरचे पैसे मी तुला मागेच पाठवलेत, मग ही भेट कसली? खोटं बोलून सोडवून आणलेल्या बाप्पावर परवा कुठल्या तोंडाने अक्षता वाहू?

बाप्पाइतकीच तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
तुझी मीनाक्षी

ता. क. एक उपाय सुचला. एकवीसऐवजी तेवीस मोदक करते, म्हणजे दहा टक्के भरले. चारुता म्हणते, टॅक्स सरकारचा बुडाला, बाप्पाचा नाही. पोर अगदी बापावर गेली आहे.

पुन्हा ता. क. तर मग एकच मार्ग उरतो. तू माझे पैसे परत पाठव. लोभ म्हणून नाही रे, भेट खरी व्हावी म्हणून. प्राणप्रतिष्ठेच्या आधी जमा व्हायला हवेत. कुरियरचेही त्यातच धर, नाहीतर भेट अर्धीच खरी व्हायची.