आंबेसुकीच्या केळीबागेत सापडलेल्या "बऱ्या" रुग्णांबाबत

प्रति,
श्री. पंडित तोताराम चौधरी,
सहाय्यक वितरण अधिकारी,
वनौषधी ताप-संशोधन योजना,
जळगाव, जिल्हा पूर्व खानदेश.

अर्जदार : भटू हिलाल माळी, राहणार धरणगाव, हंगामी काचपट्टी-वाचक.

विषय : मौजे आंबेसुकी येथील रुग्ण-वहीतले "बरा" हे शेरे रद्द होणेबाबत, बावीस गावांना जाणारं सालीचं सत्त्व थांबणेबाबत, आणि सौ. भागाबाई छगन हिला आजच्या आज कोयनेल (क्विनाइन) मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला हुकूम, बुधवार ता. २४ नोव्हेंबर १९५४. २) काल संध्याकाळी कचेरीच्या दारात आपण मला म्हणालात ते.

सोबत : काचपट्ट्या बारा, कापसात गुंडाळून. रुग्ण-वही एक, सगळी माझ्या अक्षरातली.

महोदय,

पंडित, तू आधी नुसतं ऐक. मध्ये बोलू नको. काल तू म्हणालास, "भटू, तोंडी सांगू नको, तोंडी ऐकलं तर मीही अडकतो, लेखी दे." म्हणून लेखी देतो. बोर्डिंगात एका ताटात जेवलो आपण, तरी वर तुला श्री. लिहिलंय, अधिकारी लिहिलंय. फाइलला चालेल असं वर आहे, खालचं तुला आहे. तुझ्याच कचेरीच्या ओट्यावर बसून लिहितोय. शिपाई दोनदा उठवून गेला. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, त्याचं कारण पुढे येईल.

१. आपली योजना काय आहे ते तुला माहीतच आहे, पण कागदावर असू दे. सातपुड्यातून सातवीणीची, म्हणजे सप्तपर्णीची, साल आणायची, वाळवायची, कुटायची, दारूत भिजत घालायची, आटवायची, त्यातून पांढरं सत्त्व काढायचं. योजनेचे मुख्य रुपचंद डॉक्टरसाहेब ते परीक्षानळीत धरून उन्हात दाखवायचे. म्हणायचे, "भटू, कोयनेल म्हणजे तरी काय? परदेशातल्या एका झाडाची सालच. आपलं झाड आपल्या दारात उभं आहे, आपण त्याला विचारलंच नाही." खरं सांगतो, हे ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. मी त्या माणसासाठी सायकलवर दिल्लीला गेलो असतो. त्यांनी खोटं काही केलेलं नाही, हे आधी लिहून ठेव. जे केलं ते मी केलं.

२. सोमवार ता. १ नोव्हेंबरला आंबेसुकीत हिवतापाच्या एकतीस जणांना पुड्या दिल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी सावद्याहून सायकलने जायचं, घरोघर बघायचं. अंग गरम असेल तर बोटाला टोचून रक्ताची काचपट्टी घ्यायची. गरम नसेल तर घ्यायची नाही, कारण काचा कमी. माणूस घरी नसेल, कामावर गेला असेल, तर तो बराच झाला की! हा नियम लेखी आहे. नियम वाचून मला त्यात काही खोट दिसली नव्हती. तुला दिसली होती का? सही तुझीही आहे त्यावर.

३. पहिल्या आठवड्यात गेलो तर बहुतेक जण घरी. अंग थंडगार. पुनाआबा, साठीचा माणूस, खाटेवर बसून मला म्हणाला, "भो, तुह्या पुडीनं तोंड असं कडू केलं का बायकोशी भांडाची बी चव गेली." मी हसलो आणि लिहिलं, बरा. दुसऱ्या आठवड्यात गेलो तर पुनाआबा घरी नाही. भागाबाई नाही. दहा-अकरा खाटा रिकाम्या. भागाबाई म्हणजे मी जिच्या ओसरीवर सायकल लावायचो, पाणी प्यायचो, त्या शेवंताबाईंची सून. एकोणीस वर्षांची, सातवा महिना, नवरा छगन सावद्याच्या स्टेशनात केळीच्या वॅगनी भरतो. मी विचारलं, "अक्का, सून कुठे?" शेवंताबाई म्हणाल्या, "बाहेर गेली." "बरी आहे ना?" तर त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि चुलीकडे बघत म्हणाल्या, "गेली म्हनलं ना भो." मी लिहिलं, बरी, कामावर गेली. तिसऱ्या आठवड्यात ते परत घरी, परत थंड. एकतीसपैकी एकोणतीस बरे! मी वही छातीशी धरून भुसावळपर्यंत गाडीत उभ्यानं गेलो. डॉक्टरसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पंडित, आजवर माझ्या पाठीवर कुणी असा हात ठेवला नव्हता.

४. आता हे नीट बघ, बोटं मोडून बघ. हिवतापाचा जंतू रक्ताच्या तांबड्या पेशीत शिरतो, आत बसून ती खातो, अठ्ठेचाळीस तासांनी सगळे जंतू एकदम पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा माणसाला हीव भरतं. म्हणून एक दिवस ताप, एक दिवस आराम. या दहा-अकरा जणांची तापाची पाळी समतारखेला होती. पहिल्या आठवड्यात मी गेलो एक, तीन, पाच तारखेला. आराम. दुसऱ्या आठवड्यात आठ, दहा, बारा. पाळी. तिसऱ्यात पंधरा, सतरा, एकोणीस. पुन्हा आराम. आरामाच्या दिवशी अंग थंड, म्हणून बरा. पाळीच्या दिवशी घरी नाही, म्हणून बरा. दोन्ही बाजूंनी बराच, माणूस मरेपर्यंत बरा.

५. पाळीच्या दिवशी ते घरी का नसत, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या धरणगावला ताप आला की गोधड्या टाकतात आणि माणूस गोधडीखाली कण्हत पडतो, सगळ्या गल्लीला ऐकू जातं. आंबेसुकीत तापाला चुकवतात. ज्या दिवशी तो येणार त्या दिवशी घर सोडायचं, दारातून नाही, मागच्या कुडाकडून. अंगात आपला कपडा घालायचा नाही. केळीच्या बागेत जाऊन गप्प बसायचं. त्याचं नाव घ्यायचं नाही, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. तो घरी येतो, खाट रिकामी बघतो आणि परत जातो. घरच्यांनी कुणालाच सांगायचं नाही की माणूस कुठे आहे आणि कशाला गेला आहे. मला तर नाहीच, कारण मी तर वही घेऊन त्याचंच नाव विचारत फिरायचो.

६. हे मला कळलं ते असं. सोमवार ता. २२ ला आंबेसुकीत असताना दुपारी मलाच हीव भरलं. काल-परवाचं नव्हतं ते, आठ-दहा दिवस अंग मोडत होतं, मी पुडी खात होतो आणि कुणाला सांगत नव्हतो. डॉक्टरसाहेबांना काय तोंड दाखवू, त्यांच्याच माणसाला सत्त्व लागू पडत नाही म्हणून? वहीत शेवटच्या पानावर मी माझंही नाव घातलंय, बघ. पुढे शेरा "बरा" आहे. बुधवारी सकाळी शेवंताबाईंनी माझा हात धरला, छगनचा जुना कोट माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाल्या, "आज ओसरीवर नोको बसू भो. त्याले तुही जागा मालूम झाली." मी हसलो. मग हसता हसता त्यांच्या मागे गेलो.

७. बाग मोठी. पाटाला पाणी सोडलेलं, पायाखाली गार चिखल, वर पानं इतकी दाट की दहा वाजता संध्याकाळ वाटावी. मधोमध गेलो आणि बघतो तर अकरा जण. वाळलेली पानं अंगावर ओढून रांगेनं बसलेले. पुनाआबा बायकोचं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्याचे दात वाजत होते आणि आवाज येऊ नये म्हणून त्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. अकराही जण माझ्या वहीतले बरे. भागाबाई शेवटी, केळीच्या खांबाला टेकून, सासऱ्याच्या धोतरात, ओठ पांढरे. तिनं मला बघून सरकून जागा दिली. मी बसलो. विषम तारखेवाल्यांची बाग पलीकडे आहे म्हणतात. तिथे मी अजून गेलेलो नाही.

८. त्याच दिवशी डॉक्टरसाहेब मुंबईच्या दोन पाहुण्या अधिकाऱ्यांना घेऊन गावात आले. ते येणार हे मला कळवलेलं नव्हतं. पाटलांच्या ओट्यावरून त्यांनी वहीच्या नकलेतून नावं पुकारली. बाग तिथून शंभर पावलं. एक एक शब्द ऐकू येत होता. "पुना?" कोतवाल म्हणे, "कामावर गेला साहेब." "भागाबाई?" "कामावर साहेब." पाहुण्यांपैकी एक मोठ्यानं म्हणाला, "डॉक्टर, अख्खं गाव तुम्ही कामाला लावलंत की!" सगळे हसले. मग डॉक्टरसाहेबांनी माझं नाव घेतलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ओट्याच्या कडेला येऊन, बागेकडे तोंड करून, "भटू! अरे भटू!" कौतुकानं. मला पुढे करून दाखवायला. भागाबाईनं माझं मनगट धरलं. तिचा हात भट्टीसारखा तापलेला. मी ओ दिली नाही.

९. पाहुणे गेले, डॉक्टरसाहेबही त्यांच्याबरोबर मुंबईला गेले, आणि संध्याकाळी तुझा हुकूम निघाला की सोमवार ता. २९ पासून बावीस गावांना सत्त्व पाठवावं आणि त्या गावांतल्या कोयनेलच्या गोळ्या परत मागवाव्यात. तोवर दुपारी माझं हीव उतरलं होतं. मी तिथेच बारा जणांच्या काचपट्ट्या घेतल्या, माझ्यासकट, आणि पाटलांच्या ओट्यावर सूक्ष्मदर्शक लावून उजेड असेतो वाचल्या. बाराही काचांत जंतू. भागाबाईच्या काचेत तर एका पेशीत अंगठीच्या आकाराचे दोन-दोन जंतू, आणि जागोजाग चंद्रकोरीसारखे. तो डोक्यात चढणारा प्रकार आहे. सत्त्व वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते काय करतं हे आपल्याला अजून माहीतच नाही, एवढंच म्हणणं आहे, कारण ज्या दिवशी बघायला हवं होतं त्या दिवशी आपण रिकाम्या खाटा बघितल्या.

१०. काल गुरुवारी सकाळी भागाबाई उठली नाही. हाक मारली तर डोळे उघडत नव्हती, मान ताठ. शेवंताबाई मला म्हणाल्या, "निजू दे तिले. आज तिची पाळी नाही, आज ती बरीच हाये." हे वाक्य त्यांनी माझ्याकडूनच ऐकलेलं, पंडित. मी सायकल मारत सावद्याला वना कंपाउंडरकडे गेलो. त्यानं वही उघडली, माझ्याचकडे फिरवली. "भटूभाऊ, अक्षर कोणाचं? तुमचं. सही कोणाची? डॉक्टरांची. ज्याला सत्त्व लागू पडलं नाही त्यालाच कोयनेल. ही तर तीनदा बरी झालेली. बऱ्या बाईला टोचून काही झालं तर फासावर मी जाऊ?" मी म्हटलं, मी शेरा खोडतो. तर म्हणे, सहीवर खोडता येत नाही, जळगावहून लेखी आणा. म्हणून मिळेल ती गाडी धरून तुझ्याकडे आलो, तर तू कुलूप लावत होतास. रात्र स्टेशनात काढली. भागाबाई आत्ता कशी आहे, मला माहीत नाही.

११. तरी विनंती की, एक : खालच्या कोऱ्या जागेत "भागाबाई छगन, शेरा रद्द, कोयनेल टोचावे" एवढं लिहून सही कर. सावद्याची गाडी सव्वाबाराला आहे. बाकी सगळं नंतर कर, हे आधी. दोन : सोमवारचं सत्त्व थांबव आणि गोळ्या गावातच राहू देत. तीन : माझे एकोणतीस शेरे आणि तिसावा माझा स्वतःचा, सगळे रद्द कर आणि मला नोकरीवरून काढ. काढलंस तर मी हे चावडी चावडीवर सांगत फिरेन. ठेवलंस तर काढेपर्यंत फिरेन.

१२. शिपाई विचारतोय, अर्ज झाला का. आज सव्वीस, सम तारीख. तिचीही पाळी, माझीही. माझी बाराच्या सुमारास येते. हात आत्ताच गार पडायला लागलेत. एकच गोष्ट राहिली, ती फाइलला नको, पण लिहिल्याशिवाय अर्ज खरा होणार नाही. मी बागेत ओ का दिली नाही? दात वाजत होते म्हणून, हे एक. वहीची लाज, हे दुसरं. पण खरं तिसरंच आहे. मी त्या जंतूला रोज काचेखाली बघतो, त्याची अंगठी ओळखतो, किती तासांनी फुटतो ते सांगतो. तरी त्या चिखलात बसलो असताना मला अगदी आतून वाटलं की मी ओ दिली तर तो मला ओळखेल, आणि मला धरून बसलेल्या तिलाही. मी उठून शंभर पावलं गेलो असतो तर पाहुण्यांनी त्या अकरा जणांना बघितलं असतं, भागाबाईला त्याच दुपारी सुई मिळाली असती, तुझा हुकूम निघालाच नसता. मी उठलो नाही. सही करायच्या आधी खरं सांग, पंडित, मनगटावर तिचा हात असता आणि बाहेरून तुझं नाव तिसऱ्यांदा पुकारलं असतं, तर तू काय केलं असतंस?

सहीची वाट बघत ओट्यावर बसलेला,
भटू हिलाल माळी
जळगाव, शुक्रवार, ता. २६ नोव्हेंबर १९५४, सकाळचे सव्वाअकरा