पहिले नाव ठमाबाईंचे

प्रति,
मा. शाखाधिकारी,
बँक शाखा, मुलचेरा, जि. गडचिरोली

विषय : ठमाबाई मोहुर्ले यांच्याकडून व्याजावर झालेली करकपात, व त्या येत्या सोमवारी मोडणार असलेल्या ठेवींबाबत.
संदर्भ : ठमाबाईंच्या मोबाइलवर आलेला आपल्या शाखेचा संदेश.

महोदय,

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. धडा अवघड असला की मुलांना डोळे मिटायला लावून "समजा" म्हणायची माझी सवय अजून गेलेली नाही. आपणही क्षणभर तसे करावे, ही विनंती. समजा, एका घरात तीन म्हातारी माणसे आहेत.

१. थोरल्या ठमाबाई. यजमान वनरक्षक होते. त्यांच्या पश्चात बाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. एक दीर वारलू आलापल्लीच्या लाकूड डेपोतून, दुसरे इतवारी गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातून निवृत्त झाले. दोघांना लहानाचे मोठे केले ते या वहिनीनेच. आमच्याकडे लग्नपत्रिका असो की घरभरणी, नाव आधी थोरल्याचे. दिरांनी निवृत्तीचा पैसा संयुक्त मुदत ठेवींत टाकला, तेव्हा दोन्हींवर पहिले नाव वहिनीचे घातले. यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

२. कर पहिल्या नावावर कापतात, हे आत्ता कळले. सगळे व्याज ठमाबाईंचे धरले गेले, मर्यादा ओलांडली आणि कपात झाली. वास्तविक तिघांपैकी एकालाही कर बसण्याइतके उत्पन्न नाही. आपल्या खिडकीवरच्या मुलाने आपुलकीने सांगितले, "आजी, पंधरा-एचवर सही करून टाका, कटणार नाई." बाईंनी तो फॉर्म मला वाचून दाखवायला लावला. हे उत्पन्न माझे, अशा अर्थाचा मजकूर आला तिथे त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "पैसा माहा नाई, गुरुजी. मंग सही माही काऊन?"

याचे उत्तर आपणास सुचल्यास कळवावे.

३. तेव्हापासून त्या घराला स्वस्थता नाही. मोबाइल वाजला की बाई धानाची रोवणी टाकून बांधीतून, म्हणजे शेताच्या चिखलातून, बाहेर येतात आणि चिखलाच्या पायांनी माझ्या दारात उभ्या राहतात. संदेश जाहिरातीचा असला तरी दोनदा वाचून घेतात. इतवारींच्या सुनेने सहज विचारले, की मोठ्या बाईंच्या नावावर आहे तरी किती? सहजच विचारले होते. पण बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. आता एकच धोसरा : सोमवारी दोन्ही ठेवी मोडायच्या, ज्याचे त्याला द्यायचे आणि आपले नाव काढून घ्यायचे. वारलू ऐकायला तयार नाहीत. "वयनीचं नाव मांगं टाकू? त्यापरिस सरकारले सगळाच कापू द्या." दीर-भावजय एकाच ओसरीवर बसतात आणि बोलणे माझ्यामार्फत चालते. निरोप नेता-आणता माझ्या पायातली चप्पल निघत नाही.

४. तरी विनंती की, पहिले नाव आहे तसे राहू द्यावे आणि ज्याचे व्याज त्याच्या नावे धरण्याबाबत तिघांचे लेखी निवेदन घ्यावे. तशी सोय नियमात आहे असे ऐकतो. मग ज्याने त्याने आपापला पंधरा-एच भरावा. बाई सोमवारी आल्याच, तर ठेवी लगेच मोडू नयेत. त्यांना बसवावे, पाणी द्यावे आणि नियम आपण स्वतः समजावून सांगावा. माझ्यापेक्षा आपल्या खुर्चीवर त्यांचा विश्वास अधिक आहे.

५. सोबतच्या निवेदनाला उशीर झाला, त्याचे कारण कळवणे भाग आहे. मजकूर तिघांनाही पटला, पण पहिली सही कोणाची यावर गाडे अडले. बाई म्हणाल्या, मी शेवटी करीन. दीर म्हणाले, वहिनीआधी आमचा हात उठणार नाही. दिवेलागण झाली तरी सह्यांची जागा कोरीच. वारलूंची नात दिव्यानी सहावीत आहे, माझ्याकडे शिकायला येते. ती उठून आत गेली, लहान ताटली घेऊन आली, ती मजकुराखालच्या कोऱ्या जागेवर पालथी घातली, पेन्सिलीने भोवती गोल काढला आणि कागद तिघांच्या मधोमध सरकवला.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून असलेला,
आपला नम्र,
गुणवंतराव निकुरे

दि. १० जुलै २०२५

सोबत : तिघांचे निवेदन. सह्या गोलावर आहेत; कुठूनही वाचाव्यात.